पाणी प्यायल्यानं काय होतं आणि काय होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याविषयीचे प्रश्न आमच्याकडे दोन वेळा धो-धो येतात. मार्च लागला की ‘किती प्यावं?’ हा प्रश्न सुरू होतो आणि एखादा जुना फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागला की ‘हे खरं आहे का?’ हा. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ती निरोगी, मोठ्या माणसासाठी आहेत. किडनी, हृदय किंवा लिव्हरचा आजार असेल तर आधी प्रश्न १४ वाचा, मग बाकीचं.

१. दिवसाला नेमकं किती पाणी प्यायचं? कुणी ८ ग्लास सांगतं, कुणी ३ लिटर, कुणी ५.

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत निरोगी माणसासाठी साधारण ८ ग्लास, म्हणजे २ लिटर, असा अंदाज दिला आहे. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेचा २०१० चा आकडा पुरुषांसाठी २.५ आणि बायकांसाठी २ लिटर आहे, तर अमेरिकेतला ३.७ आणि २.७ लिटर. मात्र या परदेशी आकड्यांत जेवणातलं पाणीही धरलेलं असतं, आणि फॉरवर्ड करताना नेमकं तेवढंच गळतं.

एसीत बसून काम करणारा आणि नागपुरात मे महिन्यात स्लॅब भरणारा यांची गरज एक असूच शकत नाही. दीड-दोन लिटरपासून सुरुवात धरा. ऊन, घाम, ताप, अंगावर पाजणं यांप्रमाणे वाढवा आणि प्रश्न ४ मधल्या खुणांवर लक्ष ठेवा.

२. मग हा ८ ग्लासांचा नियम आला कुठून?

अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळानं १९४५ मध्ये दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं होतं. यातलं बरंचसं तयार अन्नातूनच मिळतं, हेही तिथेच पुढे होतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं. हाइन्झ वाल्टिन हे किडनीचे अभ्यासक. त्यांनी या नियमाचा शास्त्रीय आधार शोधायला जुना अभ्यास धुंडाळला आणि २००२ मध्ये लिहिलं की निरोगी माणसानं रोज आठ ग्लास प्यायलाच हवेत याला पुरावा सापडत नाही. आठ ग्लास पिणं वाईट आहे असा याचा अर्थ नाही. सहाच प्यायलात म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, एवढंच.

३. चहा, ताक, आमटी यांतलं पाणी धरायचं का?

धरायचं. चहा-कॉफीनं शरीर ‘सुकतं’ ही समजूत रोजच्या दोन-चार कपांना लागू होत नाही, कारण सवय असलेल्या माणसाच्या शरीरात त्यातलं बहुतेक पाणी राहतं. ताक, सार, कढी, पेज, कलिंगड, काकडी सगळं मोजा. शिजलेल्या भाताचाही दोन तृतीयांशाहून जास्त भाग पाणीच असतो. दारू मात्र धरू नका.

४. आपल्याला पाणी पुरतंय की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तहान आणि लघवीचा रंग या दोन गोष्टी बघा. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढलं तरी मेंदू तहान लावतो आणि किडनीला पाणी राखायला सांगतो. ‘तहान लागली म्हणजे उशीर झाला’ हे वाक्य बाटल्या विकणाऱ्यांना सोयीचं आहे. निरोगी, तरुण माणसात ही यंत्रणा चोख चालते.

लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद आणि थोडी होत असेल तर पाणी वाढवा. सारखी पाण्यासारखी पांढरी होत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय. सकाळची पहिली लघवी गडदच असते, तिच्यावरून ठरवू नका. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं रंग झगझगीत पिवळा होतो आणि बिटानं लालसर, त्यानं घाबरू नका. वय जास्त असेल तर तहानेवर भिस्त ठेवता येत नाही, त्यासाठी प्रश्न १७ बघा.

५. सकाळी दात न घासता चार ग्लास पाणी प्यायलं की डायबेटिस, बीपी, टीबी, कॅन्सर सगळं बरं होतं, असा ‘जपानी वॉटर थेरपी’चा मेसेज आलाय. खरं आहे का?

नाही. व्हॉट्सॲप यायच्या आधी हाच मजकूर ईमेलमधून फिरायचा आणि आजही तो जवळपास शब्दशः तसाच आहे. उठल्यावर १६० मिलीचे चार ग्लास, म्हणजे ६४० मिली. मग ४५ मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. खाली यादी असते: गॅस १० दिवस, बद्धकोष्ठता १० दिवस, बीपी ३० दिवस, डायबेटिस ३० दिवस, टीबी ९० दिवस, कॅन्सर १८० दिवस.

या मेसेजचा सगळा जोर त्या दिवसांच्या आकड्यांत आहे. आकडे दिसले की कुणीतरी मोजून बघितलं असणार असं वाटतं. पण कॅन्सर कसला? रक्ताचा, स्तनाचा, की तंबाखूनं होणारा तोंडाचा? कितव्या स्टेजचा? टीबी ९० दिवसांत बरा झाला हे कशावरून ठरवलं, थुंकी तपासून की एक्स-रे काढून? यादीत याचं उत्तर नाही, कारण यादीमागे अभ्यासच नाही. जपानमध्ये डायबेटिस आणि कॅन्सर दोन्ही आहेत आणि तिथले डॉक्टर त्यावर इन्सुलिन, औषधं, शस्त्रक्रिया हेच उपचार करतात.

यादीतली सगळ्यात घातक ओळ टीबीची. टीबी जंतूंमुळे होतो आणि साध्या टीबीला नेमून दिलेल्या गोळ्या ६ महिने घ्याव्या लागतात. पाण्यानं तो जंतू मरत नाही. पाण्याच्या भरवशावर तीन महिने काढणारा माणूस त्या तीन महिन्यांत घरातल्या पोराबाळांवर खोकत असतो.

याच कुळातला आणखी एक दावा इराणी डॉक्टर फेरेदून बातमानघेलिज यांचा. १९७९ च्या क्रांतीनंतर ते तेहरानच्या एविन तुरुंगात होते. तिथे कैद्यांच्या पोटातल्या अल्सरचं दुखणं नुसत्या पाण्यानं थांबवलं असं त्यांनी १९८३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. पुढे अमेरिकेत जाऊन दमा, बीपी, पाठदुखी असं बरंच काही पाण्याच्या कमतरतेमुळे होतं, असा प्रचार त्यांनी केला. तुलनेला पाणी न वाढवलेला दुसरा गट त्यांच्याकडे नव्हता. गंमत अशी, की त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे बहुतेक अल्सरांमागचा जंतू शोधून काढत होते. त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. आज त्या अल्सरला अँटिबायोटिकचा कोर्स दिला जातो.

यादीतला बद्धकोष्ठतेचा दावा तेवढा अर्धा खरा आहे. त्याविषयी प्रश्न ८ मध्ये.

६. जपानी सोडा हो, पण उषःपान तर आपल्या आयुर्वेदातच सांगितलंय ना?

सांगितलं आहे, आणि सकाळी उठून ग्लास-दोन ग्लास पाणी प्यायला निरोगी माणसाला काहीच हरकत नाही. रात्रभर पोटात पाणी गेलेलं नसतं, बरं वाटतं, अनेकांना पोट साफ व्हायला मदत होते. पण ‘आयुर्वेद सांगतो भरपूर पाणी प्या’ असं म्हणणाऱ्यांनी वाग्भटाचं अष्टांगहृदय उघडून बघावं. शरद आणि ग्रीष्म हे ऋतू सोडले तर निरोगी माणसानंही पाणी थोडंच प्यावं, असं तिथे सूत्रस्थानात आहे. म्हणजे ‘दिवसाला पाच लिटर’ला जपानचा आधार नाही तसा वाग्भटाचाही नाही.

७. सासऱ्यांनी पाणी-थेरपी सुरू केली आणि शुगर खरंच कमी आली. आता ते गोळी नको म्हणतायत. काय करू?

गोळी बंद होऊ देऊ नका. पण त्यांना खोटं ठरवायलाही जाऊ नका, कारण शुगर कमी आली असेल हे शक्य आहे. कशामुळे, ते बघा.

थेरपीत पहाटे पाणी आणि मग ४५ मिनिटं तोंड बंद. म्हणजे उठल्या उठल्या होणारा दोन चमचे साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं गेली किंवा पुढे ढकलली गेली. दिवसात असे चार कप असतील तर साधारण ४० ग्रॅम साखर होते. त्यातले दोन कप सुटले तरी मीटरवर फरक दिसतो. शिवाय नवा नियम लावून घेतलेला माणूस बहुधा फिरायलाही जायला लागतो. श्रेय पाण्याला मिळतं.

दुसरं कारण असं की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून जायला लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून वाढलेल्या शुगरमध्ये तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. असा सुकलेला माणूस पाणी प्यायला की रक्त थोडं पातळ होऊन आकडा थोडा उतरतो. आजार मात्र असतो तिथेच असतो. इन्सुलिन कमी पडणं किंवा ते नीट न लागू होणं, यावर पाण्याचा काही इलाज नाही.

त्यांना म्हणा, ‘बाबा, पाणी चालू ठेवा, गोळीही चालू ठेवा, तीन महिन्यांनी एचबीए१सी करू.’ त्या तपासणीत दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. आकडा खरंच चांगला आला तर डोस कमी करायचा का ते डॉक्टर ठरवतील. आणि घरात कुणी टाइप १ चा, इन्सुलिनवरचा रुग्ण असेल तर तिथे थेरपीचा विषयच नको. इन्सुलिन थांबलं की काही तासांत ते दोन दिवसांत जिवावर बेततं.

८. मग पाण्यानं खरोखर फायदा होतो असे आजार आहेत की नाही?

आहेत, पण यादी छोटी आहे.

मुतखडा सगळ्यात वरचा. इटलीत पार्मा इथे १९९ रुग्णांवर पाच वर्षं अभ्यास झाला आणि तो १९९६ मध्ये छापून आला. एकदा खडा होऊन गेलेल्यांपैकी ज्यांनी भरपूर पाणी प्यायलं त्यांच्यातल्या १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. म्हणून खडा होऊन गेलेल्यांना डॉक्टर सांगतात की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. लक्षात घ्या, लघवी दोन-अडीच लिटर. घामात जाणारं धरून त्याहून जास्त प्यावं लागतं.

बायकांना सारखं होणारं लघवीचं इन्फेक्शन हा दुसरा. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० बायकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, ज्यांनी वाढवलं नाही त्यांना ३.२ वेळा. कमी पिणाऱ्यांचं पाणी वाढवलं म्हणून हा फायदा झाला. जी आधीच अडीच लिटर पितेय तिला आणखी पिऊन तो मिळेलच असं नाही. आणि इन्फेक्शन झालेलं असताना ताप, थंडी, कमरेत दुखणं असेल तर पाण्यावर थांबू नका.

बद्धकोष्ठतेत पाणी कमी पडत असेल तर ते वाढवून फरक पडतो. पुरेसं पीत असाल तर वरून दोन लिटर ओतून काही होत नाही, ते लघवीवाटे जातं. भाजी, फळं, कोंडा आणि हालचाल यांच्या जोडीनं पाणी काम करतं. इसबगोल घेत असाल तर मात्र ग्लासभर पाणी सक्तीचं आहे, कोरडं घेतलं तर ते घशात किंवा आतड्यात गोळा होऊन अडकू शकतं.

जुलाब-उलट्यांत पाणी जीव वाचवतं, पण नुसतं नाही. ते प्रश्न १९ मध्ये.

डोकेदुखी, थकवा, चक्कर यांचं कारण खरंच पाण्याची कमतरता असेल तर तासाभरात बरं वाटतं. नाही वाटलं तर कारण दुसरं आहे. चेहऱ्यावरचं तेज, पिंपल्स, केस गळणं यांबाबत सांगण्यासारखा पुरावा नाही. ‘डिटॉक्स’ हे काम तुमच्या किडन्या न सांगता करतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव त्या गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटरच बाहेर सोडतात.

९. आत्ता खड्याची कळ आलीय. धडाधड पाणी पिऊन खडा ढकलता येईल का?

नाही, उलट कळ वाढू शकते. नळी अडलेली असताना वरून दाब वाढवल्यासारखं होतं. तहानेपुरतं प्या, दुखणं थांबवायचं औषध घ्या आणि सोनोग्राफी करा. ५ मिमीपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच किडनी असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा. बियरविषयी विचारणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बियरनं लघवी वाढते, खडा विरघळत नाही.

१०. पाण्यानं वजन उतरतं का? आणि कोमट पाणी-लिंबू-मध?

थोडं, तेही जेवणाआधी प्यायलं तर. अमेरिकेत व्हर्जिनियात मध्यमवयीन आणि वयस्क लोकांवर एक छोटा अभ्यास झाला. कमी उष्मांकाच्या आहारासोबत प्रत्येक जेवणाआधी अर्धा लिटर पाणी पिणाऱ्यांचं वजन १२ आठवड्यांत इतरांपेक्षा सुमारे दोन किलो जास्त उतरलं. पोट आधीच भरल्यानं ते कमी जेवले. जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा तसाच राहतो आणि नंतर पिणारा स्थूल होतो, असं वाग्भटानंही म्हटलं आहे. पहिल्या भागात दोघांचं जमलं म्हणायचं.

‘गार पाण्यानं चरबी जळते’ याचा हिशेब करून बघू. अर्धा लिटर ७ अंशाचं पाणी ३७ अंशावर आणायला १५ किलोकॅलरी लागतात. एका साध्या ग्लुकोज बिस्किटापेक्षा कमी. कोमट पाण्यानं चरबी ‘वितळत’ तर मुळीच नाही. आणि मध म्हणजे साखरच, एका मोठ्या चमच्यात साधारण ६० किलोकॅलरी.

११. जेवताना पाणी प्यायल्यानं पाचकरस पातळ होतो, उभ्यानं प्यायल्यानं गुडघे जातात, जेवणावर गार पाणी प्यायल्यानं तेल गोठून कॅन्सर होतो. यातलं खरं काय?

तिन्ही खोटं. जठर गरजेप्रमाणे आम्ल सोडत राहतं. पाणी पोटात जातं, गुडघ्यात नाही. आणि गार पाणी पोटात गेल्यावर काही मिनिटांत शरीराच्या तापमानाला येतं, तेल गोठायला तिथे फ्रीज नाही. ॲसिडिटी असणाऱ्यांनी जेवणावर तडस लागेपर्यंत पिऊ नये, इतकंच.

१२. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं का? दिवसभर तेच चालेल?

या प्रश्नात तथ्य आहे, म्हणून सविस्तर. तांबं जंतू मारतं. बेंगळुरूच्या संशोधकांनी जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवून पाहिलं. जंतू सापडेनासे झाले आणि पाण्यात उतरलेलं तांबं सुरक्षित मर्यादेच्या आत राहिलं. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे आजीचा रात्री भरून ठेवलेला तांब्या अडाणीपणाचा नव्हता. पण नळाचं स्वच्छ पाणी त्यात ठेवून सांधेदुखी, थायरॉइड, पांढरे केस यांवर काही होत असल्याचा पुरावा नाही. ते दावे भांड्यासोबत मोफत मिळतात.

आता दुसरी बाजू. पूर्वी आपल्याकडे एक ते तीन वर्षांच्या मुलांमध्ये लिव्हरचा एक आजार दिसायचा. पोट फुगायचं, लिव्हर कडक व्हायचं आणि बहुतेक मुलं दगावायची. पुण्यातल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यानं या मुलांच्या घरची भांडी बघितली. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत दूध तापवून, साठवून बाळांना पाजलं जात होतं आणि दुधात तांबं भराभर उतरत होतं. १९८३ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे स्टीलची भांडी आली, पितळीत दूध तापवणं बंद झालं आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला.

म्हणून पाणी ठेवा, दूध नको. ताक, लिंबूपाणी, कोकम सरबत यांसारखं आंबट तर अजिबात नको. भांडं चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं घासल्यावर भरपूर पाण्यानं विसळा, आत हिरवट थर दिसला तर घासल्याशिवाय पाणी भरू नका. तान्ह्या बाळाला आणि विल्सन्स डिसीज (शरीरात तांबं साठत जाण्याचा आजार) असलेल्यांना हे पाणी देऊ नये. मोठ्यांना सकाळी ग्लास-दोन ग्लास पुरे.

१३. लाखभर रुपयांचं अल्कलाइन पाण्याचं मशीन घेतलं तर ॲसिडिटी, कॅन्सर दूर राहतात म्हणतात. घ्यावं का?

नको. प्यायलेलं पाणी आधी जठरात जातं. तिथलं आम्ल इतकं तीव्र असतं की अल्कलाइन पाण्याचा अल्कलीपणा तिथेच संपतो. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि किडन्या करतात. तो पाण्यानं हलायला लागला तर तुम्हाला मशीन नाही, आयसीयू लागेल.

विक्रीचे प्रयोग मात्र बघण्यासारखे असतात. फिल्टरवाले करतात त्यातला एक बघा. विक्रेता दोन ग्लास घेतो, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या फिल्टरचं. दोन्हींत विजेच्या कांड्या सोडतो. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी होऊन वर गाळ तरंगतो, त्याचं मात्र स्वच्छच राहतं. ‘बघा वहिनी, रोज काय पिताय!’ तो गाळ पाण्यातला नसतो, तो त्या कांडीच्या लोखंडाचा गंज असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते आणि लोखंड झिजतं. फिल्टरच्या पाण्यात क्षार नसल्यानं वीजच वाहत नाही. त्या ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा कांड्या सोडायला सांगा.

१४. पाणी जास्त पिऊ नये अशी माणसं कोण?

डायलिसिसवर असलेले, किडनी बरीच निकामी झालेले, हार्ट फेल्युअर असलेले, लिव्हरच्या आजारानं पोटात पाणी झालेले. यांना ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला थेट अपाय करतो. आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, पायांवर सूज येते, मग फुप्फुसात उतरतं आणि रात्री आडवं पडता येत नाही.

डायलिसिसवाल्यांचा ढोबळ हिशेब असा: काल जितकी लघवी झाली त्यात साधारण अर्धा लिटर मिळवायचं, तेवढंच आजचं एकूण पाणी. त्यात चहा, आमटी, गोळीसोबतचा घोट सगळं आलं. हे पाळायचं कसं? सकाळी ठरलेलं माप एका बाटलीत भरून ओट्यावर ठेवायचं. अर्धा कप चहा घेतला की बाटलीतलं अर्धा कप पाणी तुळशीला. वाटीभर वरण खाल्लं की तेवढं काढून टाकायचं. दुपारी चारला बाटलीत किती उरलं ते डोळ्यांसमोर असतं. तोंड कोरडं पडलं तर लवंग, लिंबाची फोड, नुसती चूळ. आणि मुख्य म्हणजे लोणचं, पापड, फरसाण बंद, कारण मीठ खाल्लं की तहान आवरत नाही. ‘नारळपाणी तर चांगलंच असतं’ म्हणून पाजू नका, त्यातल्या पोटॅशियमनं डायलिसिसच्या रुग्णाचं हृदय थांबू शकतं.

‘पाण्यानं किडनी धुऊन निघते, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायचा रक्तातला आकडा) उतरतं’ हेही खूप फिरतं. कॅनडात किडनीचा जुना आजार असलेल्या ६३१ लोकांवर एक अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर पाणी वाढवूनही किडनीची घसरण मंदावली नाही.

१५. पण निरोगी माणसाला जास्त पाण्यानं काय होणार? निघून जाईल की.

निघून जातं, पण वेगाला मर्यादा आहे. निरोगी किडन्या तासाला साधारण ८०० मिली ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगानं पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूच्या पेशी फुगतात. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, मग फिट्स. नेहमीचं सोडियम १३५ ते १४५ असतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं. त्यातले अनेक जण धावण्याआधीपेक्षा शर्यतीनंतर वजनानं जास्त भरले, इतकं पाणी त्यांनी वाटेत प्यायलं होतं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात एका रेडिओ स्टेशननं पाणी पिण्याची स्पर्धा लावली आणि त्यात भाग घेतलेली एक तरुण आई त्याच दिवशी गेली.

रोजच्या जगण्यात तीन लिटरनं असं होत नाही. पण बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीच्या माणसानं थेरपी म्हणून पाच लिटर सुरू केले तर होऊ शकतं.

१६. बाळ चार महिन्यांचं आहे, उन्हाळा आहे. चमचाभर पाणी दिलं तर?

नको. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. त्यात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. वरचं पाणी दिलं की बाळ दूध कमी पितं, जुलाबाचा धोका वाढतो आणि सोडियमही घसरू शकतं. घुटी, ग्राइप वॉटर, मधाचं बोट यांनाही हेच लागू. बाळाऐवजी आईला तांब्याभर पाणी द्या.

१७. आई ७८ वर्षांची आहे, तिला तहानच लागत नाही. जबरदस्ती करावी का?

वयानुसार तहान मंदावते हे खरं आहे, त्यामुळे इथे घड्याळ चालेल. मोठा ग्लास पुढे केला की त्या नको म्हणतात. त्यापेक्षा दर दोन तासांनी अर्धी वाटी ताक, सार, पातळ पेज, सरबत. बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत संपवा, म्हणजे रात्री बाथरूमला उठताना पडण्याची भीती कमी. एकाएकी गोंधळल्यासारखं बोलायला लागल्या तर ‘वय झालं’ म्हणू नका, सोडियम तपासा. ते पाणी कमी पडूनही बिघडतं आणि जास्त होऊनही.

१८. कामाच्या ठिकाणी टॉयलेट नाही म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही. काय होईल?

हा प्रश्न शिक्षिका, कंडक्टर, पोलीस, सेल्सगर्ल, शेतमजूर अशा सगळ्यांकडून येतो आणि यावर ‘पाणी प्या’ हे उत्तर देणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांना पाण्याचे फायदे माहीत आहेत, जागा नाही. होणारा त्रास मात्र खरा आहे: वारंवार इन्फेक्शन, खडे, उन्हात चक्कर.

निघण्याआधी तास-दीड तास दोन ग्लास प्या आणि निघताना लघवीला जा. मधल्या वेळात घोट घोट. घरी आल्यावर भरपाई करा. लघवी सहा-सात तास दाबून ठेवण्याची सवय सगळ्यात वाईट. आणि मालकाकडे, मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करा, दोघीतिघींनी मिळून. कारखाने आणि दुकानांच्या कायद्यांत स्वच्छतागृह देणं ही मालकाची जबाबदारी आहे.

१९. जुलाब झाल्यावर नुसतं पाणी चालेल का? आणि दुकानातलं ‘ओआरएस’ पेय?

नुसतं पाणी पुरत नाही, कारण जुलाबात मीठही जातं. मिठासोबत साखर असली की आतडं दोन्ही आत घेतं आणि पाणी त्यांच्यामागे जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी, म्हणजेच ओआरएस, पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाण्याच्या चमत्काराची खरी गोष्ट हवी असेल तर ही आहे.

मेडिकलमधून जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचं पाकीट घ्या आणि त्यावर लिहिलंय तितक्याच पाण्यात अख्खं पाकीट घाला. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. फळांच्या चवीच्या तयार डब्यांत साखर कितीतरी जास्त असते आणि त्यानं जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली आहे.

२०. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. उकळून प्यायलं की झालं ना?

जंतूंसाठी हो. खळखळून एक मिनिट उकळलं तरी पुरतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड परिसरात गुलेन बारे सिंड्रोम या हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच होता. तशा वेळी ‘किती प्यायलं’पेक्षा ‘कसलं प्यायलं’ जास्त महत्त्वाचं ठरतं.

पण फ्लोराइड आणि क्षार उकळून जात नाहीत, उलट पाणी आटून थोडे घट्ट होतात. यवतमाळ, चंद्रपूर भागात फ्लोराइडचा आणि अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षारांचा प्रश्न आहे. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्याहून जास्त असलेलं पाणी तुम्ही ‘आरोग्यासाठी’ चार लिटर प्यायलात तर दात आणि हाडांवर तेवढाच जास्त मारा होतो. जिल्हा प्रयोगशाळेतून किंवा ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासून घ्या, मगच फिल्टर कोणता ते ठरवा.

२१. फॅमिली ग्रुपवर काका रोज असे मेसेज टाकतात. काय करू? आणि कुणी अशा उपचाराचे पैसे घेत असेल तर तक्रार कुठे?

काकांना ग्रुपवर सगळ्यांदेखत खोडू नका, ते आणखी दहा पाठवतील. फोन करून एवढंच विचारा: ‘काका, तुम्ही स्वतःची बीपीची गोळी बंद केली का?’ बहुतेक काकांनी केलेली नसते. मग म्हणा की ग्रुपवरच्या मावशी करू शकतात.

पैशांचा व्यवहार असेल तर गोष्ट वेगळी. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत डायबेटिस, कॅन्सर, टीबी आहेत. ते बरं करण्याची जाहिरात करणं गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करा. जाहिरातीचा फोटो किंवा स्क्रीनशॉट, तारीख, विक्रेत्याचा पत्ता आणि पैसे दिले असतील तर पावती जोडा. पावती देत नसेल तर यूपीआयच्या व्यवहाराची नोंद जोडली तरी चालते.